जव्हार-मोखाड्यातली परीक्षेची सकाळ

पालघरहून निघालेली एसटी मनोर आणि विक्रमगड मागे टाकून चढाला लागली, की हवा बदलते. जव्हार सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर वसले आहे. हे मुकणे घराण्याचे जुने संस्थान, १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झालेले. जयविलास राजवाडा, हनुमान पॉइंट, शिरपामाळ आणि थोडा दूर दाभोसा धबधबा ही इथली पाहण्याची ठिकाणे. शाह सदरुद्दीन चिश्ती यांच्या दर्ग्यामुळे आपल्यापैकी पुष्कळांची पावले इकडे वळली असतील. गर्दी होते ती पावसाळ्यात. मी गेले जानेवारीत. माझ्या बहिणीची मुलगी पाचवीत होती आणि शनिवारी, १८ जानेवारी २०२५ रोजी, तिची नवोदयची परीक्षा होती.

ही परीक्षा आपल्या घरांत अजून पुरेशी माहीत नाही, म्हणून थोडे सांगते. जवाहर नवोदय विद्यालये १९८५-८६ मध्ये सुरू झाली. देशातल्या पहिल्या दोन शाळांपैकी एक आपल्या अमरावतीची. सहावी ते बारावी शिक्षण, वसतिगृहात राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके, सगळे सरकारकडून. पालघर जिल्ह्याचे नवोदय पालघरजवळ माहीमला आहे. प्रवेशपरीक्षेत दोन तासांत ८० प्रश्न सोडवायचे. गुण १००, त्यातले निम्मे मानसिक क्षमतेला, उरलेले अंकगणित आणि भाषेला. पेपर मराठीत देता येतो, उर्दूतही देता येतो. निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आणि एक तृतीयांश मुलींसाठी असतात.

आता आईबापांची झोप उडवणाऱ्या दोन गोष्टी. वसईपासून मोखाड्यापर्यंत आठ तालुके, आणि सहावीच्या जागा जास्तीत जास्त ८०. शिवाय ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते.

मी शुक्रवारी दुपारी पोहोचले तेव्हा बहिणीने प्रवेशपत्र पाचव्यांदा तपासायला काढले होते. मेहुण्यांनी आठवडाभर मुलीला फजरच्याही आधी उठवून पाढे म्हणवून घेतले होते. मामू, नाना, फुफी, सगळ्यांचे फोन चालू होते आणि प्रत्येक जण फोन तिच्याच हातात द्यायला सांगे. “कशी आहे तयारी? आपल्या खानदानाचं नाव काढायचं बरं!” संध्याकाळी मुलीच्या पोटात दुखू लागले. बहीण ओवा शोधू लागली. वीस वर्षे वर्गात उभी असल्याने ही पोटदुखी मला ओळखीची होती.

मी तिला हनुमान पॉइंटकडे फिरायला घेऊन गेले. खाली दरी, समोर राजवाडा, थंड वारा. अभ्यासाचा विषय मी काढला नाही. थोड्या वेळाने तीच बोलली, “खाला, नंबर नाही लागला तर अब्बा रागावतील?” मी काही बोलायच्या आत दुसरा प्रश्न आला, “आणि लागला तर मला एकटीलाच तिकडे राहायचं ना?”

आपण मोठी माणसे नापास होण्याच्या भीतीवरच औषध शोधत बसतो. दहा वर्षांच्या लेकराला पास होण्याचीही भीती वाटते, कारण पास होणे म्हणजे घर सुटणे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. रात्री जेवणानंतर मी मेहुण्यांच्या कानावर हे घातले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग मुलीला जवळ घेऊन म्हणाले, “लागला तर आपण सगळे माहीमला सोडायला येऊ, तिथला समुद्र बघू. नाही लागला तर सहावी इथेच, तुझ्या मैत्रिणींसोबत. दोन्ही चांगलंच आहे.” त्या रात्री ओवा लागला नाही. सकाळी मुलगी सातपर्यंत झोपली. पेपर साडेअकराला होता, पहाटे उठवण्याची गरजच नव्हती.

केंद्राबाहेर जीपमधून मुले उतरत होती. एकेका गुरुजींबरोबर पाच-सात मुले. आईबाप मात्र फार थोडे. इथली भातशेती, नागली-वरई पावसावरची. दिवाळी झाली की पाड्यावरची कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात, ती होळीला परततात. परीक्षा नेमकी या दिवसांत येते.

एक आजी नातवाला घेऊन आली होती. मी विचारले, “आत जाताना काय सांगितलंत?” ती म्हणाली, “सांगायचं काय? भाकर खाऊन घे म्हटलं.” दीड वाजता मुले बाहेर आली. आमच्यासारख्या पालकांनी मुलांना घेरले, “किती आले? कोणता चुकला?” आजीने नातवाला पाणी दिले आणि दोघे जीपकडे चालू लागली.

रविवारी आम्ही त्र्यंबकच्या रस्त्याने मोखाड्याला गेलो. भात कापून झालेली खाचरे, मोकळे डोंगर, खोडाळा-सूर्यमाळकडे जाणारे फाटे. तिथे ओळखीच्या एका शिक्षकांची भेट झाली. ते दरवर्षी मुलांना परीक्षेला नेतात. भट्टीवरच्या आईबापांना ते आदल्या संध्याकाळी फोन लावून देतात, पण आधी बजावतात, “अभ्यासाचं विचारायचं नाही. जेवलास का, एवढंच विचारा.” ते म्हणाले, “आईचा आवाज ऐकला की पोर शांत झोपतं.”

मोखाड्यातले आईबाप लेकरापासून शंभर किलोमीटरवर असतात आणि आपण त्याच्या उशाशी बसलेले असतो. तरी धीर देण्यात आपणच कमी पडतो. म्हणून घरात काही गोष्टी ठरवून टाकाव्यात. नातेवाइकांचे फोन आईवडिलांनीच घ्यावेत. प्रवेशपत्र, काळे किंवा निळे बॉलपेन एकदाच पिशवीत भरावे आणि पिशवी पुन्हा उघडू नये. उत्तरपत्रिकेतले गोल भरण्याचा सराव आठवडाभर आधी संपवावा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडू नये, हे मुलाला सांगावे. नंबर लागला तर काय आणि नाही लागला तर काय, हे परीक्षेच्या आधीच त्याच्याशी बोलावे. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण मुलांना देतोच. उंट बांधून झाल्यावर दर पाच मिनिटांनी दोर ओढून पाहू नये, एवढे आपण शिकायचे आहे.

त्या वर्षी फेब्रुवारीत पाचवीची शिष्यवृत्ती परीक्षा होती. पुष्कळ घरांत तीच मुले, तेच पालक पुन्हा बसले. परीक्षा कोणतीही असो, मूल फाटकातून बाहेर आले, की पेपर कसा गेला हे विचारण्याआधी त्याला काहीतरी खाऊ घाला.