नगदी पिकाची उधारी

सरकारदप्तरी ऊस हे नगदी पीक. उजनीच्या काठी, करमाळा-माढ्याकडच्या कुठल्याही गावात किराणा दुकानापाशी घटकाभर टेकावे, म्हणजे ही नगद किती उधारीवर चालते ते कळते.

"तात्या, रोख का मांडून ठिवू?"

"मांड की. बिल निघालं की देतो."

बिल म्हणजे कारखान्याचे. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा. मग तोडीची वाट, मग बिलाची. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याजासकट. कायदा असा रोखठोक. दुकानातली वही मात्र भरतच राहते.

खरी रोकड पाण्यातून निघते. १९८० मध्ये उजनी धरण पुरे झाले, भीमाकाठची काळी राने त्याच्या यशवंतसागर जलाशयाखाली गेली आणि त्याच पाण्यात जाळी पडू लागली. चिलापी, कटला, वाम. मासा काही सहा महिने थांबत नाही, म्हणून त्याचा पैसाही थांबवून चालत नाही. भिगवण-इंदापूरच्या बाजारात सकाळी माल तोलला जातो. ओलसर, वास लागलेल्या त्या नोटांतूनच त्या दिवसाचे तेलमीठ येते. याला मात्र नगदी म्हणायचे कुणाला सुचले नाही!

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्या आणि आठवड्याच्या आत जिल्हा सहकारी बँकांना त्या स्वीकारायलाही मनाई झाली. सोसायटीचे कर्ज जिथून, खातेही तिथेच, अशी अनेकांची गत. त्या दिवसांत गावांना तारले ते मांडून ठेवायच्या जुन्या सवयीने. हे मी कौतुकाने सांगत नाही.

आता चहाच्या टपरीवरही स्कॅनरचा चौकोनी कागद चिकटवलेला असतो. फोनमधून पैसे आल्याचा आवाज झाला की टपरीवाल्याच्या लेखी व्यवहार रोखीतच मिटला. नोट दिसलीच पाहिजे असे नाही. आत्ता मिळाले, मागे काही राहिले नाही, एवढे त्याला पुरते. मलाही रोखीचा हाच अर्थ पटतो, आणि त्या अर्थाने पाहिले तर ऊस नगदी ठरत नाही.

तेव्हा कारखान्यांनी चौदाव्या दिवशी बिल काढावे. ते जमत नसेल, तर निदान शाळेच्या पुस्तकात तरी उसाला उधारीचे पीक म्हणावे.