आजारी यंत्राची नब्ज

दिव्याखाली अंधार, ही म्हण मराठीत जितकी रुळली आहे तितकीच आपल्या घरांतून 'चिराग तले अंधेरा' म्हणूनही बोलली जाते. दिवा चार भिंती उजळतो, पण स्वतःच्या बुडाशी काय आहे ते त्याला दिसत नाही. ते पाहायचे तर दुसरा दिवा आणावा लागतो. सर्व्हर दुरुस्तीच्या धंद्यात आमची बरीच वर्षे गेली. या म्हणीचा अर्थ आम्हाला पुस्तकांपेक्षा याच कामाने अधिक शिकवला.

आमचे कार्यक्षेत्र म्हणजे ठाणे खाडीच्या पूर्वेचा पट्टा. दिघा, ऐरोली, रबाळे, महापे, तुर्भे. एके काळी इथे रसायनांच्या कारखान्यांचा वास यायचा. आता त्याच औद्योगिक वसाहतीत मोठमोठी डेटा सेंटर्स उभी आहेत. खिडक्या नसलेल्या त्या इमारतींत हजारो सर्व्हर अहोरात्र चालू असतात. तिथले अभियंते दूर बसून, जाळ्यावरूनच आजारी यंत्राला बाहेरची सीडी जोडल्याचा भास करून देतात आणि तपासणी उरकतात. आमच्या वाट्याला मात्र दवाखाने, गोदामे, शाळा आणि पतसंस्थांमधली धुळीने भरलेली खोकी येतात. इलाज दोन्हीकडे एकच.

तो इलाज असा. संगणकाचे बटण दाबले की आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्राम जागा होतो. तो हात-पाय हलतात का ते पाहतो आणि मग हार्ड डिस्कवरून मुख्य प्रणाली उठवतो. पण प्रणालीच बिघडली असेल तर तिलाच 'तुला काय होतेय' असे विचारून काय उपयोग? तापात बरळणाऱ्या माणसाच्या बोलण्यावर कोणता हकीम दवा देईल? म्हणून आम्ही त्या छोट्या प्रोग्रामला सांगतो, आज डिस्ककडे जाऊ नकोस, या पेनड्राइव्हवरून उठ. यंत्र तेच, पण त्याला चालवणारे डोके बाहेरून आणलेले आणि निरोगी. मग रॅम, डिस्क, फाइली, सगळे त्रयस्थ नजरेने तपासता येते. क्लाउस क्नॉपर या जर्मन अभियंत्याने 2000 साली 'नॉपिक्स' काढले, तेव्हा एका सीडीत मावणारी अशी संपूर्ण प्रणाली सर्वांच्या हाती आली. रॅम तपासणारा 'मेमटेस्ट' तर त्याहून जुना, 1994चा. आता सीडी गेली, पेनड्राइव्ह आला, पण रीत बदललेली नाही.

तुर्भ्याच्या घाऊक बाजाराजवळ एक लहानशी पतसंस्था आहे. खातेदार म्हणजे माथाडी कामगार, भाजीवाले, मासळी विकणाऱ्या बाया. रोज पन्नास-शंभर रुपये टाकणारी माणसे. एका शनिवारी तिथला सर्व्हर मध्येच बंद पडू लागला. चालू होई, दहा मिनिटांत निळा पडदा दाखवी आणि मान टाकी. नेहमीच्या दुरुस्तीवाल्याने निदान करून टाकले होते, डिस्क गेली, सगळे पुसून नव्याने भरा. मागची प्रत तीन आठवड्यांपूर्वीची. म्हणजे तीन आठवड्यांच्या नोंदी संपल्या.

संस्थेचे वयस्कर अध्यक्ष आम्हाला म्हणाले, "बेटा, पुसायचं तर पुसा, पण सोमवारी काउंटर उघडलं पाहिजे."

आम्ही म्हणालो, "चाचा, पुसायला पाच मिनिटं लागतात. आधी नब्ज तर बघू द्या."

या कामात क्रमाला फार महत्त्व असते. डिस्कच्या फाइली दुरुस्त करणारी साधने रॅममध्ये चालतात. रॅमच सदोष असेल तर दुरुस्ती करणाराच चुकीचे लिहून ठेवतो आणि उरलेसुरलेही बिघडते. म्हणून आधी रॅम, मग डिस्क, शेवटी फाइली. मेमटेस्ट ठरावीक आकडे रॅमच्या घराघरात ठेवतो आणि परत मागतो. ठेवले ते आणि मिळाले ते जुळले नाही की पडद्यावर लाल ओळ उमटते. खऱ्या सर्व्हरच्या रॅममध्ये अशी एखाददुसरी चूक आपोआप सुधारण्याची सोय असते. इथे साध्या संगणकालाच सर्व्हर म्हणून बसवले होते. मध्यरात्रीनंतर लाल ओळी उमटू लागल्या. आम्ही रॅमच्या दोन्ही पट्ट्या आळीपाळीने एकेकट्या तपासल्या. एक निर्दोष, दुसरी गुन्हेगार. डिस्कने स्वतःच ठेवलेल्या प्रकृतीच्या नोंदी पाहिल्या, तर तिच्यावर एकही खराब जागा नव्हती. ज्या डिस्कला पुसून टाकायचे ठरले होते, ती बिचारी निरपराध होती.

तरीही आम्ही तिच्यावर काही लिहिले नाही. केवळ वाचण्यापुरती उघडली, संपूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि मगच फाइलींना हात लावला. दोन-चार नोंदी बिघडल्या होत्या, त्या पावत्यांवरून भरता आल्या. सोमवारी काउंटर उघडले. रांगेतल्या कोणालाही काही कळले नाही, आणि कळायचे कारणही नव्हते.

बाहेरून उठवण्याचे मोल किती मोठे असते, ते आमच्याच शेजारच्या न्हावा-शेवा बंदराने 2017 साली पाहिले. 27 जून रोजी युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमार्फत 'नॉटपेट्या' हा व्हायरस पसरला. मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा कोसळली आणि बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे संगणकही ठप्प झाले. कंटेनर हाताने नोंदवायची पाळी आली. त्या व्हायरसची लबाडी पाहा. यंत्र पुन्हा सुरू झाले की पडद्यावर 'डिस्क तपासत आहोत, बंद करू नका' असा मजकूर यायचा. तपासणी वगैरे काही नव्हती, त्या आडून डिस्कला कुलूप घातले जात होते! जाणकार तेव्हा सांगत होते, तो मजकूर दिसताच वीज तोडा आणि बाहेरच्या सीडीवरून उठवून फाइली काढून घ्या. मर्स्कला पुढे दहा दिवसांत चार हजार सर्व्हर नव्याने उभारावे लागले. त्यासाठी लागणारी मुख्य नोंद एकाच जागी शाबूत सापडली, घानामधल्या कार्यालयात. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून!

मात्र ही किल्ली दुधारी आहे. ज्या पेनड्राइव्हने आम्ही पतसंस्थेच्या फाइली वाचवल्या, त्याच पेनड्राइव्हने कोणीही त्या वाचू शकतो. डिस्क सांकेतिक रूपात कुलूपबंद नसेल तर प्रणालीचा पासवर्ड अशा वेळी काही कामाचा नाही. कोण किती गरीब, कोणाच्या कर्जाचा हप्ता थकला, कोणी बायकोच्या नकळत पैसे साठवले, सारे उघडे. आपल्याकडे याला अमानत म्हणतात. दुसऱ्याची ठेव जशी मिळाली तशी परत करायची, आणि मध्ये डोकवायचे नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या पोरांना आम्ही स्क्रू काढायला शिकवण्याआधी हे शिकवतो.

आणि दुसरी गोष्ट शिकवतो ती घाई न करण्याची. बिघाड दिसला की कोणालातरी दोषी ठरवून पुसून टाकावे, ही वृत्ती यंत्रांच्या बाबतीत तरी महागात पडते. माणसांच्या बाबतीत किती महाग पडते, ते वाचकांना आम्ही काय सांगावे! एक रात्र थांबावे, बाहेरचा दिवा आणावा, लिहिण्याआधी वाचावे. एवढे केले की पुष्कळदा सापडते ते असे, की ज्याच्यावर आळ होता तो निर्दोष आहे, आणि दोष एका लहानशा पट्टीत होता.