अडगांवची लढाई, ओसरीवर

वाचकांपैकीं बहुतेकांस तेल्हारा हें नांव कापसाच्या बाजारभावांतच भेटलें असेल. अकोल्याहून उत्तरेकडे निघालें, कीं वाटेंत पूर्णा ओलांडावी लागते. विहिरींचें पाणी खारट, जमीन काळीभोर, आणि समोर क्षितिजावर सातपुड्याची निळी रेघ. ती रेघ जसजशी उंच होत जाते तसतसा तेल्हारा जवळ येतो. गांवांत प्रेक्षणीय असें फारसें नाहीं, आणि गांवकऱ्यांसही त्याचें वैषम्य नाहीं. माझी धाकटी बहीण तेथें राहते. म्हणून गेल्या वर्षीं भाऊबीजेच्या निमित्तानें चार दिवस आधींच जाऊन पोहोंचलों. बरोबर एक पत्र्याची पेटी होती. तिच्यांत फराळ असेल या आशेनें भाच्यानें ती उघडली, आणि आंत निघाले एकशें दहा तांबड्या डगल्यांचे शिपाई.

हा माझा जुना छंद आहे. पुण्यास लहानपणीं दिवाळींत किल्ला केला नाहीं असें एकही वर्ष गेलें नाहीं. दगडविटांवर चिखल लिंपावा, वर अळीव पेरावे, शिखरावर महाराजांस बसवावें आणि पायऱ्यांवर मावळे उभे करावे. पुढें वय वाढलें. माती सुटली नाहीं. विलायतेंत पोक्त माणसें इतिहासांतील लढाया टेबलावर मांडून नियमांनीं खेळतात हें वाचनांत आलें, आणि मीही शिपाई रंगवूं लागलों. हा कांहीं पोरखेळ नव्हे. प्रशियांत राइस्विट्झ नांवाच्या बापलेकांनीं असा खेळ रचला व १८२४ पासून तो तेथील लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणांत शिरला. एच्. जी. वेल्स यांनीं १९१३ सालीं त्याच्या घरगुती रूपावर एक पुस्तकच लिहिलें. आपल्या दिवाळीच्या किल्ल्यांत आणि या खेळांत भेद एवढाच, कीं किल्ल्यांत आपण नेहमींच जिंकलेले असतों.

तेल्हाऱ्याची निवड मात्र केवळ बहिणीमुळें नव्हती. याच तालुक्यांत अडगांव आहे, आणि २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं त्या गांवापुढील मैदानांत नागपूरकर भोसले व शिंदे यांच्या फौजेची इंग्रजांशीं गांठ पडली होती. आसईची लढाई सर्वांस ठाऊक असते. तिच्यानंतर दोन महिन्यांनीं झालेली ही लढाई खुद्द वऱ्हाडांतही फारशी कोणाच्या तोंडीं नाहीं. भाच्याची शाळा तेथून कांहीं कोसांवर. त्यास ती परीक्षेपुरतीही भेटली नव्हती.

दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे अडगांवास गेलों. मैदान तें मैदानच. पराटीची वेचणी चालली होती, मधून मधून तूर उभी होती. इंग्रज सेनापति आर्थर वेलस्ली यानें आपल्या खलित्यांत लिहिलें आहे, कीं मराठ्यांची रांग पांच मैलांहून अधिक लांब पसरली होती, पाठीशीं अडगांव व त्याचे मळे होते, आणि पुढची सपाटी नाल्यांनीं चिरलेली होती. आम्ही पहिल्याच नाल्यांत उतरलों तेव्हां भाचा कमरेपर्यंत दिसेनासा झाला. लांबून सपाट दिसणारी भुई किती लबाड असते हें त्यास तेथें कळलें. आम्हीं वहींत नाले टिपीत आहों हें पाहून एका शेतकऱ्यानें हटकलें, "काय पाहून राह्यले जी?" लढाईची जागा, म्हणतांच तो क्षणभर थांबला व म्हणाला, "पाहा जी, पाहा. पन पाय जपून टाका, वावरात पराटी हाय."

घरीं परत येऊन हिशेब मांडला. एका इंचास शंभर यार्ड धरले, तर पांच मैलांची रांग सात फूट चार इंच होते; ओसरी पुरली. एक शिपाई म्हणजे शंभर माणसें. इंग्रजांकडील सुमारें ११ हजारांना माझे एकशें दहा पुरेसे होते. भोसले-शिंद्यांची फौज इंग्रजी लेखकांच्या अंदाजाप्रमाणें ३० हजारांहून अधिक. ते तीनशें शिपाई माझ्या पेटींत नव्हते. ते शाडूचे करावे लागले. दोन अर्ध्यांचा सांचा, मध्यें दाबलेली माती, सुकल्यावर चाकूनें कड साफ करणें. भाच्याच्या मित्रमंडळीनें तीन दिवस हाच कारखाना चालविला. दीड इंची शिपाई मांडतांच एकानें शंका काढली, "मामा, एका इंचाला शंभर यार्ड, तर हा माणूस दीडशें यार्ड उंच झाला कीं!" शंका बिनतोड होती. या खेळांत भुईचें माप एक व माणसाचें दुसरें, हें पाप पोटांत घालावेंच लागतें.

भुईनें मात्र आमची फजिती केली. पुण्याच्या तांबड्या मातीच्या भरवशावर मीं येथली काळी माती कालवून थापली; दुसऱ्या सकाळीं तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या आणि एक अख्खी पलटण त्यांत आडवी झाली. बहिणीनें पाहिलें, हंसली, आणि शेण व कुटार मिसळून नव्यानें सारवून दिलें. नाले तिनेंच बोटानें ओढले. जुन्या केरसुणीच्या काड्यांचा जोंधळा झाला, आणि तोफांच्या धुराला तेल्हाऱ्याच्याच पराटीचा कापूस.

रंगाच्या वेळीं खरा प्रश्न निघाला. तांबडे डगले पुष्कळ, पण त्यांतील गोऱ्या पायदळाच्या पलटणी तीनच: ७४ वी, ७८ वी आणि ९४ वी. बाकीचे बहुतेक पायदळ मद्रासी शिपायांचें. माझ्या पेटींतले सारेच चेहरे गुलाबी पाहून भाच्यानें विचारलें, "मग हे आपलेच ना?" मीं उत्तर न देतां त्याच्या हातांत तपकिरी रंगाची वाटी दिली. त्यानें बराच वेळ एकही कुंचला उचलला नाहीं; मग एकेक चेहरा मुकाट्यानें रंगवूं लागला. ७४ व्या पलटणीच्या कॉलर-बाह्या पांढऱ्या, ७८ वीच्या फिकट पिवळ्या, एवढें बारीक ज्ञान पुस्तकांत बसल्या जागीं मिळतें. भोसल्यांच्या पायदळास आम्हीं धुवट पांढरे अंगरखे दिले आणि पागोट्यांचे रंग मुलांच्या मर्जीवर सोडले. जिंकणाऱ्याचें बटणही लिहून ठेवलें जातें.

याच वेलस्लीची एक गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. तो पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आणि त्याच्या वॉटर्लूच्या लढाईची प्रचंड प्रतिकृति सायबॉर्न नांवाच्या एका लष्करी अधिकाऱ्यानें केली. स्वारी महिनोन् महिने रणभूमीवर राहिली, मोजणी केली, शेंकडों अधिकाऱ्यांस पत्रें पाठविलीं. १८३८ सालीं ती लंडनमध्यें लोकांपुढें आली तेव्हां तींत सुमारें ७५ हजार चिमुकले धातूचे शिपाई होते. परंतु प्रशियन फौज जेथें उभी होती, तें ड्यूकच्या सांगण्याशीं जुळेना. आणि शेवटीं त्या प्रतिकृतींतून हजारों प्रशियन शिपाई उचलले गेले. लंडनच्या राष्ट्रीय लष्करी संग्रहालयांत ती आजही आहे. खेळण्यांतील शिपायांचें भय एवढ्या मोठ्या माणसास वाटावें, यांत त्या खेळाची प्रतिष्ठाच आहे.

लक्ष्मीपूजनानंतर डाव मांडला. भोसल्यांच्या बाजूस भाचा, वेलस्ली मी. फांशांऐवजीं सहा कवड्या. तोफेच्या माऱ्याखालीं तिनांहून कमी उताण्या पडल्या तर पलटण मागें फिरणार. एक फेरी म्हणजे दोन मिनिटें. तींत पायदळ दीड इंच, घोडदळ चार इंच.

खरी लढाई दुपारीं उशिरां सुरू झाली. इंग्रजी फौज दिवसभराच्या चालीनें थकलेली. वेलस्लीनें पाथर्डीच्या बुरुजावरून दूर मराठ्यांची गर्दी पाहिली व मुक्कामाचा बेत सोडला. त्याच्या पलटणी गांवाजवळून पुढें येतांच मराठ्यांच्या तोफा सुमारें हजार यार्डांवरून सुटल्या, आणि आसईस नांव काढलेल्या तीन देशी पलटणी उधळून मागें पळाल्या. वेलस्ली जवळच होता. त्यानें त्या स्वतः सांवरून परत आणल्या. आपण तेथें नसतों तर दिवस हातचा गेला असता, असें त्यानेंच पुढें लिहिलें. मग रांग पुढें सरली. अरबांची एक तुकडी ७४ व ७८ व्या पलटणींवर चालून गेली व कापली गेली. शिंद्यांच्या घोडदळाचा हल्ला परतला. ३८ तोफा मैदानांत राहिल्या आणि चांदण्यांत पाठलाग झाला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ ला देवगांवचा तह झाला, आणि वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेला. म्हणजे ही ओसरी ज्या भुईवर आहे ती भुईच.

आमच्या डावांत कवड्या भाच्याच्या बाजूनें पडल्या. माझ्या तिन्ही पलटणी मागें फिरल्या. त्यानें लगेच भोसल्यांचे स्वार सोडले. दहा इंच अंतर. तिसऱ्या फेरींत ते माझ्या विस्कटलेल्या पलटणींवर येऊन आदळले. त्यांस सांवरण्यास मला सवडच मिळाली नाहीं. मुलांनीं असा कांहीं गिल्ला केला, कीं शेजारच्या आजी काठी टेकीत बघावयास आल्या.

गलका ओसरल्यावर भाचा एकटाच मांडणीजवळ बसला होता. "मामा, सहा मिनिटांचं काम होतं. मग ते का नाही आले?"

मीं त्यास सांगितलें, कीं लढाईच्या सहाच दिवस आधीं, २३ नोव्हेंबरला, शिंद्यांच्या वकिलांनीं वेलस्लीशीं तात्पुरता तह केला होता. त्यांत भोसले नव्हते. त्या तहाच्या अटी पुऱ्या झाल्या नाहींत, म्हणून शिंद्यांचे स्वारही त्या दिवशीं मैदानांत दिसतांच वेलस्लीनें त्यांस शत्रूच मानलें. ते उजव्या बाजूस, भोसल्यांचें पायदळ मध्याच्या डावीकडे. सेनापति मन्याबापू भोसले. रांग एक, धनी दोन.

तो कांहीं बोलला नाहीं. थोड्या वेळानें त्यानें शिंद्यांचे स्वार एकेक करून उचलले आणि भोसल्यांच्या रांगेपासून दोन बोटें बाजूस सरकवून ठेवले. मध्यें सारवलेली भुई तेवढी उघडी पडली.

तुळशीच्या लग्नास ओसरी मोकळी हवी असें बहिणीनें बजावलें होतें. मी निघण्याच्या आदल्या रात्रीं मुलांनीं शिपाई पेटींत भरले. शाडूचे तीनशें तेल्हाऱ्यासच राहिले. काळी माती बहिणीनें परसांत तुळशीच्या बुंध्याशीं टाकली. गाडीवर पोंचवावयास आलेला भाचा विचारीत होता, कीं पुढच्या वर्षीं गाविलगड करावयाचा तर कडे दगडाचे करावे कीं कोळशाचे. मीं कोळशाचे सांगितले, हलके असतात.