सत्तरचा की दीडशेचा?

अमेरिकेत रस्त्यावरच्या दिव्याच्या पोटाला बरेचदा एक चौकोनी चिठ्ठी चिकटवलेली असते. पिवळी म्हणजे सोडियम, निळी म्हणजे मर्क्युरी. आकडा 15 असेल तर दिवा 150 वॅटचा. तिकडचे छंदिष्ट माना वर करून तेवढं वाचतात आणि पुढे जातात. आमच्या घाटकोपर-मुलुंडकडे मला अशी चिठ्ठी कधी दिसली नाही. खांबावर आकडा असतो, पण तो खांबाचा नंबर. तक्रार करायला उपयोगी, छंदाला नाही.

म्हणून इथे दिवा ओळखायचा तो त्याच्या वागण्यावरून. मर्क्युरीचा उजेड निळसर-हिरवा, माणसांना आजारी दाखवणारा. सोडियम आधी मिणमिणतो आणि काही मिनिटांनी सोनेरी होतो. वीज डोळा मिटण्यापुरती गेली तरी तो रुसतो. आतली नळी निवल्याशिवाय परत पेटत नाही. म्हातारा झाला की रात्रभर पेट-विझ चालू. लोक म्हणायचे, लूज कनेक्शन. खरं तर वयाबरोबर त्याला लागणारा व्होल्टेज वाढत जातो, चोकला तो पुरवता येत नाही. दिवा विझतो, थंड होतो, पुन्हा पेटतो.

वॅट मात्र भंगारवाल्याकडेच नक्की कळतात. 70 च्या सोडियमची आट्यांची टोपी लहान, 150 पासून पुढे बरीच जाड. चोक हातात घेतला की मनगट वाकतं. पत्र्यावरची धूळ पुसली की वॅट, 50 हर्ट्झ, सगळं वाचता येतं. तेव्हा अंधेरी-बोरिवलीला वीज बीएसईएस कंपनीची होती, मुलुंडला राज्य वीज मंडळाची. गल्लीत 70 आणि हमरस्त्यावर 150 नाहीतर 250, हा हिशेब मात्र दोन्हीकडे बहुधा जुळायचा.

2015 मध्ये मरीन ड्राइव्हवर पांढरे एलईडी लागले आणि राजकारण तापलं. उपनगरांतला पिवळा उजेड गेला त्याबद्दल कोणी ओरडलं नाही. मीही गळा काढणार नाही. त्या उजेडात मरून आणि चॉकलेटी साडी एकच दिसायची, आणि वीज जास्त जायची ती वेगळीच.

तक्रार एवढीच, की एलईडी चटकन पेटतो, रुसत नाही, स्वभाव म्हणून काही दाखवतच नाही. परवा शिडीच्या गाडीवरच्या वायरमनला विचारलं, हा किती वॅटचा? तो म्हणाला, "काका, स्टिकर आहे ना वरच्या बाजूला. चढा आणि वाचा."