उत्तर न देणारी माणसं

ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही चौमूंला राहतो. इथे पाण्याचा टँकर मागवावा लागतो आणि आमच्याकडे त्यातलं बरंचसं पाणी माझ्या हातांवर जायचं. धुवून झालं की ह्यांना विचारायचं, "झाले ना स्वच्छ?" ते "हो" म्हणायचे. घटकाभर बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, गुण यायला दोन-तीन महिने लागतील असं सांगितलं आणि मंत्रचळ (OCD) असलेल्यांच्या जयपूरच्या गटात जायला सुचवलं. सीकर रोडच्या बसमधला दांडा धरायचा, इथूनच माझी परीक्षा सुरू व्हायची.

गटात सगळे हात धुणारेच असतील असं वाटलं होतं. पण एक निवृत्त मास्तर कुलपं तपासत बसायचे. कॉलेजातल्या एका मुलीला देवासमोर हात जोडले की नको नको ते विचार यायचे. ते तिने खाली मान घालून सांगितलं. लगेच आणखी दोघं म्हणाले, "मेरे साथ भी होता है." स्वतःला पापी समजत आलेल्या त्या पोरीचा चेहरा तेव्हा पाहायला हवा होता! मनात विचार येणं म्हणजे तसं वागणं नव्हे, हे डॉक्टरांनी तिला कितीदा सांगितलं असेल. पटलं मात्र त्या दिवशी.

उपचार ऐकायला सोपा आहे: ज्याची किळस येते त्याला हात लावायचा आणि धुवायचं नाही. 1966 मध्ये लंडनचे मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी ह्या पद्धतीबद्दल लिहिलं. त्यांच्या एका रुग्णाच्या खोलीतलं पाणीच बंद केलं होतं. मी स्वतःच्या चपलेच्या तळावर हात ठेवला, मग तोच हात पदरावर. छाती धडधडायला लागली. "काही होणार नाही ना?" मी विचारलं. कुणी धीर दिला नाही. मास्तर एवढंच म्हणाले, "पता नहीं, बहनजी," आणि खुर्ची जवळ ओढून बसून राहिले. त्या वेळी राग आला. पण धडधड ओसरली, आणि चहा आला तेव्हा त्याच हाताने मी बिस्किट खाल्लं.

घरच्यांनाही एकदा बोलावून घेतलं. "हो" म्हणणं बंद करा, असं ह्यांना सांगितलं. त्यांना ते माझ्याहून जड गेलं. त्या रात्री मी खूप भांडले. ते मोरीच्या दाराशी उभे राहिले, पण बोलले नाहीत. अजूनही कधीमधी त्यांच्या तोंडून "हो" निसटतं. मग पुढच्या वेळी आम्ही दोघं ते गटात सांगतो.