काचेतल्या आठवणी

हल्ली गावोगावच्या बायका मुलाकडे नाहीतर लेकीकडे म्हणून लंडनला जाऊन येतात. राजवाडा होतो, वेस्टमिन्स्टर ॲबेसुद्धा पाहून होतं. पण त्या चर्चच्या अगदी पूर्व टोकाला एक लहानसं दालन आहे, तिथवर जाईपर्यंत पाय दुखायला लागतात आणि मंडळी मागे फिरतात. तुम्ही मात्र फिरू नका. ब्रिटिश हवाई दलाचं स्मृतिमंदिर आहे ते, आणि तिथली रंगीत काचेची खिडकी मुद्दाम पाहण्यासारखी आहे.

१९४० साली १० जुलै ते ३१ ऑक्टोबर या काळात इंग्लंडच्या आकाशात जर्मन विमानांशी घनघोर लढाई झाली. तिच्यात कामी आलेल्या वैमानिकांची आणि त्यांच्या साथीदारांची ही आठवण. ह्यू ईस्टन या कलावंतानं खिडकी घडवली आणि १० जुलै १९४७ रोजी सहाव्या जॉर्ज राजानं तिचं अनावरण केलं. लढलेल्या तुकड्यांची बोधचिन्हं तिच्यात ओळीनं बसवली आहेत.

जवळच एका वहीत १,४९७ नावं आहेत. आपण समजतो, ही लढाई म्हणजे लढाऊ विमानांचीच. पण त्या विमानांवरचे मेले ४४९, आणि बॉम्बफेकी विमानांवरचे ७३२! कौतुक एकाचं झालं, पण घरं दोन्हीकडची उजाड झाली.

खिडकीच्या खालच्या भागात चार मोठी चित्रं आहेत. त्यातल्या एकापाशी माझे पाय थबकले. मेरीच्या मांडीवर येशूचा निष्प्राण देह आहे. ज्यांची मुलं गेली, ज्यांचं कुंकू पुसलं, त्या बायकांच्या दुःखाची ही खूण. लढाईच्या स्मारकात आईला जागा मिळालेली पाहून बरं वाटलं. पुष्कळांची विमानं समुद्रात पडली, देहसुद्धा हाती लागले नाहीत. लंडनजवळ रनिमीड इथं १९५३ साली उघडलेल्या स्मारकावर, ज्यांना थडगं नाही अशा हवाई सैनिकांची वीस हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत. अशा घरच्या बायकांनी फूल ठेवायचं कुठे? निदान नाव तरी कुठे वाचायचं? म्हणून ही स्मारकं.

आता काचेची गंमत ऐका. रंग वरून फासलेला नसतो. काच वितळवतानाच तिच्यात धातूची भुकटी मिसळतात. कोबाल्टनं निळी होते, सोन्यानं लाल! मग नमुन्याबरहुकूम तुकडे कापायचे. नाक-डोळ्यांच्या रेषा गडद रंगानं काढून भट्टीत भाजायच्या, म्हणजे त्या पक्क्या होतात. शेवटी शिशाच्या पट्ट्यांत तुकडे बसवून सांधे डाख लावून जोडायचे. आपण गोधडी शिवतो ना, तसंच. दोऱ्याच्या जागी शिसं, एवढाच फरक.

लढाऊ विमानदलाचे त्या वेळचे प्रमुख डाउडिंग यांच्या अस्थी याच दालनात आहेत. त्यांचा स्वतःचा मुलगाही त्या लढाईत विमान चालवत होता. दुसऱ्यांची मुलं रोज वर पाठवायची आणि आपलंही त्यांच्यातच! तो वाचला, पण बापानं ते दिवस कसे काढले असतील? बॉम्बनं भिंतीला पडलेलं एक भोकही मुद्दाम न बुजवता वर काच बसवून ठेवलंय.

अशी प्रथा आपल्याकडेही आहे बरं का. मुंबईत कुलाब्याचं अफगाण चर्च पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्यांसाठी बांधलेलं. त्याच्याही खिडक्या रंगीत काचांच्या आहेत.

जाणार असाल तर सकाळी जा. खिडकी पूर्वेची, ऊन तिच्यातून आत येतं तेव्हा रंग खुलतात. रविवारी मात्र चर्च फक्त प्रार्थनेसाठी उघडं असतं. आणि त्या वहीपाशी दोन मिनिटं थांबा. तिच्यातलं प्रत्येक नाव कुणीतरी बारशाला हौसेनं ठेवलेलं होतं.