हालाल तर उजेड

माणसाच्या अंगाची ऊब टिपून आपोआप लागणारा दिवा आम्ही गॅलरीत बसवला. नुसती ऊब चालत नाही, ती हलावी लागते. २० वर्षं बँकेतल्या एकाच खुर्चीत काढलेल्या माझी त्यानं दखल घ्यावी, ही अपेक्षाच नव्हती.

बोका आला की दिवा तत्परतेनं उजळतो. आप्पा तिन्हीसांजेला खुर्चीत स्वस्थ बसले, की मिनिटाभरात अंधार. त्याच्या लेखी ते तिथे नाहीतच!

वायरमन म्हणाला, "साहेब, बटण बंद करा, थोडं थांबा, चालू करा." (आमच्या बँकेतला कॉम्प्युटरही याच मंत्रावर चालतो.) केलं. मिनिटभर दिवा स्वतःलाच सावरत बसला. त्याच्या बुडाशी तीन खुंट्या : वेळेची, अंधाराची, नजरेची. वेळेची टोकापर्यंत पिळली. आता जरा जास्त टिकतो, इतकंच. त्यातून कुळगावचा एप्रिल! पारा चाळिशीपार गेला की भिंतही अंगाइतकी तापते आणि भिंत कुठली, आप्पा कुठले, हे त्याला कळेनासं होतं. यावर खुंटी नाही.

आप्पांनी मग स्वतःच उपाय काढला. अंधार झाला की हात हलवतात. समोरच्या बिल्डिंगमधल्या आजी हल्ली न चुकता हात हलवून उत्तर देतात.

"साधा दिवा लावू का?" मी विचारलं.

"राहू दे रे," आप्पा घाईघाईनं म्हणाले.